ओढ्याचा हक्क आणि आपली कमाई

ईदुल अजहाच्या दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर नारायणगावातील आमच्या मशिदीत एक तरुण मागे थांबून राहिला. मूळचा जुन्नर तालुक्यातलाच. परंतु गेली तीन वर्षे पूर्व विदर्भातील एका उघड्या कोळसा खाणीवर, एका कंत्राटदाराकडे तो डंपर चालवतो. सगळे निघून गेल्यावर जवळ येऊन म्हणाला, ‘मौलाना, एक मसला विचारायचा आहे.’

मसला असा होता. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्याआधी वरची माती आणि दगड काढून बाजूला टाकावे लागतात. ही माती कुठे टाकायची याची हद्द ठरलेली असते. त्याच्या खाणीच्या कडेने एक नाला वाहतो. नाल्यापासून ठरावीक अंतरावर खुणेचे दगड रोवलेले आहेत आणि माती त्या दगडांच्या अलीकडेच पडली पाहिजे असा नियम आहे. रात्रपाळीत मात्र डंपर दगड ओलांडून थेट नाल्याच्या काठावर रिकामे होतात. अंतर वाचते, डिझेल वाचते, फेऱ्या वाढतात आणि जास्तीच्या फेऱ्यांचे वरचे पैसे चालकाला मिळतात. ‘मी तर फक्त गाडी चालवतो,’ तो म्हणाला, ‘सांगतील तिथे खाली करतो. माझी कमाई हलाल आहे ना?’

मी त्याला चटकन सांगितले की तू नोकर आहेस, हुकूम देणाऱ्याचा गुन्हा हुकूम देणाऱ्यावर. त्याचा चेहरा उजळला. सलाम करून तो गेला. त्या रात्री मला मात्र झोप लागली नाही. ज्या दीनमध्ये निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणत्याही माणसाची आज्ञा पाळायची नाही असे शिकवले जाते, त्या दीनचा एक इमाम एका मुसलमानाला ‘हुकूम होता’ एवढ्यावर मोकळा करून बसला होता. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत नेकी आणि परहेजगारीच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याचा आणि पाप व अतिक्रमणाच्या कामात साहाय्य न करण्याचा आदेश आहे. डंपरचे चाक फिरवणारा हात हे साहाय्यच आहे. तेव्हा आता प्रश्न उरला तो हा, की नाल्याच्या काठावर माती टाकणे हे अतिक्रमण आहे काय, आणि असल्यास कोणाच्या हक्कावर?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या राज्यातला कोळसा विदर्भात आहे. चंद्रपूर, यवतमाळातील वणी आणि नागपूरच्या परिसरात. यातील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, म्हणजे लोक ज्याला वेकोलि म्हणतात त्या सरकारी कंपनीकडे आहेत. तेथे एक टन कोळसा काढण्यासाठी कित्येक घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. कोळसा रेल्वेने निघून जातो. माती तेथेच राहते आणि तिचे डोंगर उभे राहतात. या प्रदेशातून वर्धा, पैनगंगा, इरई, झरपट अशा नद्या वाहतात. इरईच्या काठचे मातीचे ढिगारे पुराचे पाणी अडवतात आणि ते शहरात घुसते, अशी तक्रार चंद्रपूरचे लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

ओढ्याचे नुकसान तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो. सैल माती पावसाने वाहून पात्रात बसते, पात्र उथळ होते आणि पाणी काठ सोडते. दुसरा उशिरा दिसतो. कोळशात आणि त्याभोवतीच्या दगडात गंधकयुक्त खनिजे असतात. त्यांना हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते, आणि ते जमिनीतले लोह व इतर धातू विरघळवून प्रवाहात आणते. अशा ओढ्यांचे दगड तांबूस-नारिंगी होतात आणि मासे नाहीसे होतात. तिसरा मुळीच दिसत नाही. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते, आणि भोवतालच्या गावांच्या विहिरी तळ गाठू लागतात. सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत अल्लाहने माणसाला हाच प्रश्न केला आहे: तुमचे पाणी जमिनीत खोल गेले, तर वाहते पाणी तुम्हांला कोण आणून देईल? ही आयत मी कित्येक रात्री पठण केली आहे. ती एखाद्या विहिरीच्या काठावर उभे राहून वाचली पाहिजे, हे मला आता कळते.

म्हणूनच कायदा अंतर मागतो. खाणीला पर्यावरण मंजुरी देताना नदी-नाल्यापासून सुरक्षित अंतर राखा, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत बांधा, भोवती चर खणा, गाळ बसवण्यासाठी तलाव करा, अशा अटी घातल्या जातात. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाचे २४ वे कलम तर सांगते की ज्याने प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण बळावेल असे काहीही कोणी जाणूनबुजून ओढ्यात टाकू नये आणि टाकूही देऊ नये. ‘जाणूनबुजून’ आणि ‘टाकू देऊ नये’ हे शब्द लक्षात ठेवावेत. पुढे ते आपल्याच अंगावर येणार आहेत.

कोणी म्हणेल, हे सरकारी नियम. त्यांचा दीनशी काय संबंध? संबंध आहे आणि तो जुना आहे. आमच्या फिक्हच्या ग्रंथांत ओसाड जमीन लागवडीखाली आणण्याच्या प्रकरणात ‘हरीम’ नावाची संज्ञा येते. विहिरीचे हरीम म्हणजे तिच्याभोवतीची राखीव जागा. हनफी ग्रंथांत विहिरीसाठी चाळीस हात आणि झऱ्यासाठी पाचशे हात हे माप दिले आहे. या हद्दीत दुसरा कोणी खोदू लागला तर त्याला रोखावे, कारण त्याच्या खोदण्याने पहिल्याचे पाणी तुटते. कालव्याला असे हरीम असते की नाही यावर मात्र इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन शिष्य यांच्यात मतभेद आहे. मतभेद मापाचा आणि पुराव्याचा आहे. पाणी टिकायचे तर त्याच्या भोवतीची जमीनही त्याच्यासाठी सोडावी लागते, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. ‘हरीम’ आणि ‘हराम’ हे शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. त्या नाल्याकाठचे खुणेचे दगड कोणत्या अधिकाऱ्याने रोवले हे मला ठाऊक नाही. पण ते हरीमचे दगड आहेत, एवढे मी निःशंकपणे म्हणू शकतो.

आता हक्काचा प्रश्न. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा, की पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. काही भाष्यकारांनी येथे अग्नीचा अर्थ सरपण असा घेतला. त्या अर्थाने कोळसा हा आपल्या काळाचा अग्नीच होय. म्हणजे खाणीच्या काठावर दोन सामाईक वस्तू समोरासमोर उभ्या ठाकतात. एकीकडे सर्वांचा अग्नी, दुसरीकडे सर्वांचे पाणी. खाण चालवणारा म्हणतो, मी देशाचा अग्नी काढतो आहे. नाल्याखालचा शेतकरी म्हणतो, हे गावाचे पाणी आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु भागीदारीचा अर्थ असा की एका वस्तूतील हिस्सा घेताना दुसऱ्या वस्तूतील कोणाचा हिस्सा नष्ट करता येत नाही. शिवाय अग्नीला पर्याय निघतात. पाण्याला पर्याय नाही. प्रत्येक सजीव पाण्यापासून निर्माण केला, असे सूरह अंबियाच्या तिसाव्या आयतीत अल्लाहने स्वतः सांगितले आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. वीज हवी की नको? आमच्या नारायणगावात टोमॅटोचा बाजार भरतो, शिवारात द्राक्षबागा आहेत, कुकडीच्या कालव्यावर आणि विहिरींवर पंप चालतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि चंद्रपूरहून थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची वाहिनी वीज आणते. मशिदीतला पंखा, अजानचा ध्वनिक्षेपक, हौदात पाणी चढवणारी मोटर, सगळे याच जाळ्यावर चालते. तेव्हा कोळसा काढणाऱ्यांना दूषणे देऊन स्वतः पंख्याखाली बसणे हा प्रामाणिकपणा नव्हे. खाणीवर शेकडो घरांची चूल अवलंबून आहे, हेही खरे.

म्हणून मी खाण बंद करा असे म्हणत नाही. मी दगडांच्या अलीकडे राहा, एवढेच म्हणतो. जास्तीचे अंतर कापण्याने कोळसा थोडा महाग होईल, फेऱ्या थोड्या कमी होतील, आपल्या बिलात कदाचित चार पैसे वाढतील. ते चार पैसे कोणी भरायचे हाच खरा प्रश्न आहे. आज ते नाल्याखालचा माणूस भरतो. त्याने कोळसा विकलेला नसतो आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते. एक नुकसान टाळण्यासाठी तशाच दुसऱ्या नुकसानीचा आधार घेऊ नये, हा आमच्या फकीहांचा नियम आहे. विजेच्या टंचाईचे नुकसान दुसऱ्याच्या विहिरीवर लोटून भरून काढणे या नियमात बसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की परवाना असल्यावर आपण बोलणारे कोण? अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवलेला एक प्रसंग याचे उत्तर देतो. यमनमधील मारिब येथील अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तेथील मिठाची खाण मागितली आणि प्रेषितांनी ती दिली. ते निघून गेल्यावर उपस्थितांपैकी एकाने सांगितले की आपण त्यांना जे दिले ते न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. हे कळताच प्रेषितांनी ते दान परत घेतले. खुद्द प्रेषितांच्या हातून दिली गेलेली खाण, लोकांचा सामाईक हक्क दिसून येताच, मागे घेतली गेली! मग एखाद्या कार्यालयाच्या शिक्क्याला आपण शेवटचा शब्द कसे मानावे? या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट मोठी वाटते. बोलणाऱ्याने बोलण्याचे धाडस केले आणि ऐकणाऱ्याने ऐकले. नियमन याहून वेगळे काय असते?

परवान्याला दुसरी बाजूही आहे. परवान्यातील अट हा करार असतो आणि करार पाळण्याचा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. अट घालणारे सरकार मुसलमान आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. अटी सैल होतात, बदलतात. अमेरिकेत १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला. १९८३ मध्ये ओढ्याच्या दोन्ही बाजूंना शंभर फुटांचा पट्टा राखण्याचा नियम आला. तरीही अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत माथे उडवून ती माती दऱ्यांत लोटली गेली आणि शेकडो मैलांचे ओढे तिच्याखाली गाडले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अधिक कडक नियम झाला आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तो रद्द झाला. सरकार बदलले की कायदा बदलतो. अमानत बदलत नाही. ज्याच्या मनात हरीम नाही, त्याला शंभर फुटांचा नियमही अडवीत नाही.

पाणी आणि सैल माती एकत्र आल्यावर काय होते हे आम्हा जुन्नर-आंबेगावच्या लोकांना कोणी सांगावे लागत नाही. ३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ आम्ही विसरलेलो नाही. तेथे खाण नव्हती. पावसात डोंगराची कडा सुटली आणि गाव गाडले गेले. परंतु हीच गोष्ट माणसाच्या हातानेही घडते, आणि ती घडली आहे. वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावाच्या वर कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचे ढीग होते. त्यातला सातवा ढीग १९५८ पासून झऱ्यांच्या जागेवर रचला जात होता. खाली पाणी आहे हे ठाऊक होते आणि गावकऱ्यांनी भीतीही बोलून दाखवली होती. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी तो ढीग सुटून शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांतली ११६ मुले होती. चौकशी न्यायाधिकरणाने सरकारी कोळसा मंडळाला दोषी ठरवले. पुढे उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चासाठी, लोकांनी पीडितांकरिता पाठवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत केले. सदक्याच्या पैशातून गुन्हेगाराचा खर्च भागवणे याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. त्या ढिगावर माती टाकणारेही माझ्यासमोर बसलेल्या तरुणासारखेच कोणी कष्टकरी होते. कोणाला वाटले असेल की आपण शाळेवर माती टाकतो आहोत?

इथवर लिहून मी थांबलो असतो तर लेख पुरा झाला असता, पण खोटा झाला असता. त्या तरुणाला मी इतके चटकन मोकळे का केले, हे मला सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मशिदीत नवा वजूखाना बांधला. वाळू एका सद्गृहस्थांनी सदका म्हणून दिली. तहज्जुदला उठलो असताना अंगणात ट्रॅक्टर रिकामा होताना मी स्वतः पाहिला. वाळू ओली होती. मीना नदी आमच्यापासून दूर नाही. रात्री साडेतीनला ओली वाळू कोठून येते हे समजायला मदरशाच्या सनदेची गरज नसते. रॉयल्टीची पावती समितीने मागितली नाही, मीही मागितली नाही. त्याच शुक्रवारी जुम्यानंतर मी दात्यासाठी हात उचलून दुआ केली. वाळू ही नदीच्या पोटातली गाळणी आणि स्पंज. ती गेली की पाणी न मुरता वाहून जाते आणि काठच्या विहिरी आटतात. वजूसाठी हौद बांधायला आम्ही नदीचे पाणी धरून ठेवणारी वाळू उपसून आणली होती. ‘हुकूम देणाऱ्याचा गुन्हा हुकूम देणाऱ्यावर’ हे उत्तर मी त्या तरुणाच्या आधी स्वतःलाच देऊन ठेवले होते. वाळू आणणाऱ्याचे आणणाऱ्यावर, माझे काय?

अल्लाह पाक आहे आणि पाक वस्तूच स्वीकारतो, ही मुस्लिम शरीफमधील हदीस मी दर रमजानात चंदा गोळा करताना सांगतो. या वेळी ती मी समितीपुढे, स्वतःला आरोपी करून सांगितली. एक वडीलधारे म्हणाले, ‘मौलाना, वाळू भिंतीत गेली. आता भिंत पाडायची का?’ भिंत पाडून नदीला काही मिळणार नव्हते. बऱ्याच वादानंतर दोन गोष्टी ठरल्या. त्या वाळूची आजची किंमत नदीकाठच्या वस्तीच्या सार्वजनिक विहिरीच्या कामाला, सवाबाची अपेक्षा न ठेवता, द्यायची. आणि यापुढे पावतीशिवाय वाळूचा एक कणही मशिदीच्या कामाला घ्यायचा नाही, दाता कोणीही असो. ते सद्गृहस्थ आता सलामला उत्तर देतात, पण पूर्वीसारखे थांबत नाहीत. मला त्याचे दुःख आहे. ते चांगले गृहस्थ आहेत, आणि त्यांना मी वेळेवर सांगितले असते तर त्यांनीच पावतीची वाळू आणली असती.

त्यानंतर मी त्या तरुणाला फोन केला. म्हणालो, ‘भाई, त्या दिवशी मी तुला चुकीचे उत्तर दिले. तुझ्या घामाचा पगार हलाल आहे. पण दगड ओलांडून टाकलेल्या फेऱ्यांचे वरचे पैसे तुझे नाहीत. ते नाल्याखालच्या लोकांच्या हक्कातून आले आहेत. ते घरात आणू नकोस. जे घेतले ते तिकडच्याच गरजूंना दे, आणि जाणूनबुजून पुन्हा टाकू नकोस.’ वाईट गोष्ट हाताने बदलावी, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर निदान मनाने तिला वाईट मानावे, ही हदीसही मी त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मौलाना, नाही म्हटले तर रात्रपाळी जाईल. रात्रपाळी गेली तर बहिणीच्या लग्नाचे कर्ज कसे फेडू?’

माझ्याजवळ याला पुरे पडेल असे उत्तर नव्हते. नोकरी सोड असे मी म्हणालो नाही. दुसऱ्याच्या चुलीवर तकवा शिजवणे सोपे असते. कर्जाच्या एका हप्त्याची तजवीज जमातीने करावी असा प्रयत्न चालू आहे, आणि त्याने दिवसपाळी मागितली आहे. ती मिळेल की नाही हे अल्लाह जाणतो. पण एक गोष्ट मला स्पष्ट झाली. एकट्या डंपरचालकाला हाताने बदल घडवणे अशक्य असेल, तर त्याचा हात होण्याची जबाबदारी त्या विजेवर पंखा फिरवणाऱ्या आपणा सर्वांवर येते. जहाजाच्या खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांना रोखले नाही, तर सगळेच बुडतात. बुखारी शरीफमधली ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. रोखणे म्हणजे भांडणे नव्हे. खाणीची जनसुनावणी असेल तेथे जाऊन अटी वाचून मागणे, गावच्या ओढ्यात भराव पडताना दिसला तर लेखी तक्रार करणे, घर बांधताना वाळूची पावती मागणे, ही आपल्या आवाक्यातली कामे आहेत. मशिदीच्या आणि मदरशाच्या विश्वस्तांनी ती सर्वांआधी करावीत.

मातीचे ढिगारे कयामतच्या दिवशीही बोलतील. सूरह जिलजालमध्ये सांगितले आहे की त्या दिवशी जमीन आपल्या खबरा स्वतः सांगेल. तेव्हा ती खुणेच्या दगडांपासून सुरुवात करील, असे मला वाटते.

अल्लाह आपणा सर्वांना हद्द ओळखण्याची समज आणि तिच्या अलीकडे थांबण्याची तौफीक देवो, आपली कमाई पाक ठेवो, आणि आपल्या चुका वेळेवर आपल्याला दाखवो. आमीन.